कणीचा दाणा आणि घरघरोबा

एक होता ओटा. लांबच लांब, काळा, गारगार. त्या ओट्यावरून एक मुंगी चालली होती. इवलीशी. तांदळाच्या कणीहून इवलीशी. म्हणून तिचं नाव कणी.

कणीच्या डोक्यावर होता डाळिंबाचा दाणा. लाल लाल. रसरशीत. कणीपेक्षा दाणाच मोठा. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, दाणाच चाललाय आपला आपला.

आज कणी पहिल्यांदाच एकटी दाणा आणायला आली होती. खिडकीच्या फटीत तिचं घर. घरात अकरा भावंडं. अकराही जणं ओळीनं जेवायला बसली होती. समोर काहीच नव्हतं. तरी बसली होती. आज आमची कणी दाणा आणणार, म्हणत होती.

तुरुतुरु, तुरुतुरु. कणी आली सिंकच्या काठाशी. काठ होता ओला. कणीचा पाय घसरला. सुर्रर्र.

कणी वाचली. दाणा सुटला.

गड गड गड गड... डुबुक.

दाणा गेला सिंकच्या भोकात.

कणीला रडू आलं. पण रडू यायच्या आधी तिला प्रश्न पडला. कणीचं नेहमी असंच व्हायचं. आधी प्रश्न, मग रडू. आणि प्रश्न इतके असायचे, की रडू राहूनच जायचं.

भोकाला होती काळ्या रबराची झालर. झालरीखाली अंधार. अंधारात काय असेल?

कणीनं वाकून विचारलं, "आत कोण आहे?"

आतून जाड आवाज आला. "मी आहे. घरघरोबा."

"इथे काय करतोस?"

"इथेच राहतो. सिंकच्या खाली. उरलंसुरलं खातो. भाताची शितं खातो. दुधीची सालं खातो. घर्रर्र दळतो आणि पाण्याबरोबर सोडून देतो."

"घरघरोबा, घरघरोबा, माझा दाणा दे ना."

"नाही देणार."

"का बरं?"

"दात अडकलेत. दातांत लांब लांब दोऱ्या गुंतल्यात. मघाशी आईनं बटण दाबलं. मी गुंऽऽऽ केलं. पण फिरलोच नाही. मग टक् झालं आणि मी गप्प बसलो."

"दोऱ्या? कसल्या दोऱ्या?"

"मला काय ठाऊक? मला दात आहेत, डोळे नाहीत."

"आणि माझा दाणा?"

"तो दोऱ्यांमध्ये बसलाय. अख्खाच्या अख्खा. पण ऐक हं. माझ्या बुडाला एक लाल बोंडी आहे. भिंतीवरचं बटण चालू असताना कुणी ती दाबली, तर मी जोर करून गिरकी घेईन. मग तुझा दाणा पिचक."

कणी घाबरली. "मग मी काय करू?"

"वाकड्या पान्ह्याकडे जा. त्यानं मला हळूच फिरवलं, की मी सुटेन. मी सुटलो, की तुझा दाणा तुला."

तुरुतुरु, तुरुतुरु. कणी निघाली. ओट्याखालच्या खणात शिरली. खणात रबरबँड होते. अर्धी मेणबत्ती होती. आणि एका कोपऱ्यात वाकडा पान्हा लोळत होता.

कणी म्हणाली,

"पान्ह्या, पान्ह्या, फिर ना.
घरघरोबा सुटेना,
दाणा काही मिळेना."

"नाही फिरणार," पान्हा म्हणाला.

"का बरं?"

"बटण चालू आहे. बटण चालू असताना मी घरघरोबाला हात लावत नाही. त्याची कळ मी फिरवायची की त्यानं मला फिरवायचं? आधी बटण बंद. मग मी."

"बटण चालू कसं राहिलं?"

"आईनं बटण दाबलं. गुंऽऽऽ झालं. त्या आवाजानं बाळ उठलं. आई बाळाकडे पळाली. बटण राहिलं तसंच."

तुरुतुरु, तुरुतुरु. कणी भिंतीवर चढली. वर, वर, वर. बटण होतं खूप उंच. लहान मुलांचा हात पोचू नये म्हणून आईनं मुद्दाम उंच बसवून घेतलं होतं. बटणाशेजारी लाल दिवा लुकलुकत होता.

कणी म्हणाली,

"बटणा, बटणा, बंद हो ना.
पान्हा फिरेना,
घरघरोबा सुटेना,
दाणा काही मिळेना."

"नाही होणार," बटण म्हणालं.

"का बरं?"

"माझं मला बंद होता येत नाही. लोकांना वाटतं, बटणाचं काय, मनात आलं की खट्. तसं नसतं गं. बोट लागतं."

"माझा पाय चालेल?"

"लावून बघ."

कणीनं एक पाय लावला. दोन पाय लावले. साही पाय लावले. बटण ढिम्म.

"गुदगुल्या झाल्या," बटण म्हणालं. "आईला बोलाव. आईचं बोट हवं."

तुरुतुरु, तुरुतुरु. कणी आतल्या खोलीत गेली. तिथे आई होती. आईच्या खांद्यावर बाळ होतं. आई चार पावलं इकडे जायची. चार पावलं तिकडे जायची. आणि बाळाच्या पाठीवर थोपटत पुटपुटायची, "गुरुवारी कांद्याचं साल गेलं होतं माझ्या हातून. त्यानंच झालं. मीच मोडलं ते यंत्र. कागद मीच लिहिला आणि मीच मोडलं."

कागद सिंकवरच्या भिंतीवर चिकटवला होता. आईच्याच अक्षरात. आधी गार पाणी. मग बटण. थोडं थोडं घालायचं. कोय नाही. शेंगा नाहीत. कांद्याचं साल नाही. हात तर अजिबात नाही.

कणी दाराच्या चौकटीवर चढली. आईच्या कानाजवळ आली.

"आई, आई, बोट लाव ना.
बटण बंद होईना,
पान्हा फिरेना,
घरघरोबा सुटेना,
दाणा काही मिळेना."

"कोण बोललं?" आई म्हणाली.

"मी. कणी. चौकटीवर बघ."

आईनं बघितलं. मग म्हणाली, "नाही गं लावता येणार."

"का बरं?"

"हात कुठे आहेत मला? एक हात बाळाच्या बुडाखाली. एक हात मानेखाली. एक सोडला आणि बाळ घसरलं तर?"

"घसरेल?"

"नाही घसरणार," आई म्हणाली. दोन पावलं चालली. "पण घसरलं तर? आधी बाळ झोपू दे. मग हात मोकळा, मग बोट मोकळं."

कणी चौकटीवरून आईच्या पदराकडे... पण आईला पदर नव्हता, कुडता होता. कणी कुडत्याच्या बाहीवर उतरली. बाहीवरून खांद्यावर. तिथे बाळाचं नाक होतं. बाळ टक्क जागं होतं.

कणी म्हणाली,

"बाळा, बाळा, झोप ना.
आई बोट लावेना,
बटण बंद होईना,
पान्हा फिरेना,
घरघरोबा सुटेना,
दाणा काही मिळेना."

"ऊं हूं," बाळ म्हणालं. "नाही झोपणार."

"का बरं?"

"खांद्यावर आईची धडधड ऐकू येते. रोज येते. रोज मस्त वाटते. आज फारच जोरात धडधडतंय. धाडधाड धाडधाड. कशी येणार झोप? मला पाळणा हवा. हलता पाळणा."

कणीनं कान लावला. खरंच की. धाडधाड धाडधाड.

एवढं का बरं धडधडतंय? कणीला प्रश्न पडला. पण उत्तर द्यायला तिथे कुणी नव्हतं. बाळाला ठाऊक नव्हतं, आणि आई पुटपुटतच होती. "मीच मोडलं. कांद्याचं साल."

तुरुतुरु, तुरुतुरु. कणी बाहेरच्या खोलीत गेली. तिथे पाळणा होता. गप्प उभा होता. दोरी नुसती लोंबत होती.

कणी म्हणाली,

"पाळण्या, पाळण्या, हल ना.
बाळ झोपेना,
आई बोट लावेना,
बटण बंद होईना,
पान्हा फिरेना,
घरघरोबा सुटेना,
दाणा काही मिळेना."

"नाही हलणार," पाळणा म्हणाला.

"का बरं?"

"हललो असतो गं. हलणं हेच तर माझं काम. पण माझ्या दोरीचं एक टोक माझ्याकडे असतं. दुसरं बाबांच्या हातात असतं. आज बघ, दुसरं टोक जमिनीवर."

"बाबा कुठे आहेत?"

"गॅलरीत. पेपरच्या मागे. जेवण झाल्यापासून तिथेच आहेत. हलतच नाहीत. माझ्याहूनही कमी हलतात."

तुरुतुरु, तुरुतुरु. कणी गॅलरीत गेली. गॅलरीत ओल्या कचऱ्याची हिरवी बादली होती. बादलीशेजारी खुर्ची होती. खुर्चीवर पेपर होता. पेपरच्या खाली दोन पाय होते.

कणी पायावरून चढली. गुडघ्यावरून चढली. पेपरवरून चढली. पेपरच्या वरच्या काठावर येऊन बसली. पलीकडे बाबा होते.

तिनं खूप मोठा श्वास घेतला. मुंगीला घेता येतो तेवढा.

"बाबा, बाबा, उठा ना.
पाळणा हलेना,
बाळ झोपेना,
आई बोट लावेना,
बटण बंद होईना,
पान्हा फिरेना,
घरघरोबा सुटेना,
दाणा काही मिळेना."

"नाही उठणार," बाबा म्हणाले.

"का बरं?"

"पेपर वाचतोय."

कणीनं पेपर बघितला. पेपरात एक गाडी होती. गाडीची चाकं वर होती.

"गाडी उलटी का बरं आहे?"

बाबांनी पेपर सरळ केला. गाडीची चाकं खाली आली.

"आता उठा ना."

"नाही उठणार."

"का बरं?"

"उठलो तर केतकी विचारेल."

केतकी म्हणजे आई.

"काय विचारेल?"

"विचारेल, घरघरोबाला काय झालं."

"मग काय झालं?" कणीनं विचारलं.

हा प्रश्न अजून कुणी बाबांना विचारलाच नव्हता. पेपरची घडी झाली. एक घडी. दोन घड्या. चार घड्या. कणी घडीवरून बाबांच्या अंगठ्यावर आली.

"शेंगा झाल्या," बाबा हळूच म्हणाले.

"कसल्या शेंगा?"

"शेवग्याच्या. आज आमटीत होत्या. मला फार आवडतात. चोखायच्या, चावायच्या आणि चोथा ताटाच्या कडेला ठेवायचा. एवढा ढीग झाला चोथ्याचा. तो टाकायचा या हिरव्या बादलीत. बादली होती इथे गॅलरीत. सिंक होतं तिथे हाताशी. म्हटलं, एवढं मोठं यंत्र. शेंगांना काय घाबरतंय?"

"मग घाबरलं?"

"घाबरलं नाही. अडकलं."

दोऱ्या. लांब लांब दोऱ्या. आता कळलं कणीला.

"आईला सांगितलं का नाही?"

"कसं सांगू? कागदावर लिहिलंय, शेंगा नाहीत. केतकीनं तोंडानंही सांगितलंय. तीनदा. आता मला सांगायला तोंड नाही."

कणीनं बाबांच्या तोंडाकडे बघितलं. तोंड तर होतं.

"पण आई म्हणते, कांद्याच्या सालानं झालं," कणी म्हणाली. "आई म्हणते, मीच मोडलं. चार पावलं इकडे जाते, तेच म्हणते. चार पावलं तिकडे जाते, तेच म्हणते. आणि आत धाडधाड धाडधाड होतं."

"असं म्हणते?"

"हो. म्हणून तर बाळ झोपेना."

बाबा उठले.

खुर्ची कर्र वाजली. पेपर पडला. कणी अंगठ्यावरून मनगटावर आणि मनगटावरून खांद्यावर पळाली. बाबा धप धप धप आतल्या खोलीत गेले.

"केतकी," बाबा म्हणाले, "कांद्याचं साल नव्हतं ते. शेंगा होत्या. मी टाकल्या."

आई थांबली. तीन पावलांवरच.

"किती?"

"सहा तुकडे."

"सुमेध."

सुमेध म्हणजे बाबा.

"नऊ," बाबा म्हणाले. "नऊ तुकड्यांचा चोथा. बादली लांब होती."

"बादली लांब होती," आई म्हणाली. "आणि मी तासभर त्या बिचाऱ्या कांद्याला बोल लावतेय."

रागवावं की हसावं, आईला कळेना. म्हणून ती आधी हसली. रागवायचं ठेवलं नंतरसाठी. नंतर ते थोडंसंच उरलं.

आई हसली आणि आतली धाडधाड झाली धडधड. धडधड झाली धुक धुक. बाळानं जांभई दिली.

आईनं बाळाला पाळण्यात ठेवलं. बाबांनी दोरी ओढली. पाळणा हलला. किर्र झुं, किर्र झुं. बाळाचा एक डोळा मिटला. किर्र झुं. दुसरा मिटला. बाळ झोपलं.

आईनं आपले दोन्ही हात बघितले. मोकळे.

पण बाबा तिच्या पुढे पळाले. "मी बिघडवलं, मीच नीट करतो." बाबा ओट्याखाली वाकले. तिथे होता घरघरोबा. घरघरोबाच्या बुडाला होती लाल बोंडी.

"ही दाबायची असते वाटतं," बाबा म्हणाले. बोट पुढे झालं.

"आधी बटण," कणी ओरडली. पण मुंगीचं ओरडणं केवढं? बाबांचं सगळं लक्ष बोंडीकडे. त्यांना ते ऐकूच येईना.

बोट आणखी पुढे झालं. दाणा होता दोऱ्यांत. पहिलावहिला दाणा. अकरा भावंडं जेवायला बसलेली.

तुरुतुरु, तुरुतुरु. खांद्यावरून कोपरावर. कोपरावरून मनगटावर. मनगटावरून बोटावर. बोट बोंडीला टेकणार, एवढ्यात...

कुटुक.

"आई गं," बाबा म्हणाले. बोट मागे आलं.

"काय झालं?" आईनं विचारलं.

"मुंगी चावली."

"बरं झालं चावली. वर बघ. बटण चालू आहे."

बाबांनी वर बघितलं. लाल दिवा लुकलुकत होता. बाबा ओट्याखालून हळूच बाहेर सरकले.

आईनं बोट लावलं. खट्. बटण बंद झालं. दिवा विझला.

बाबांनी खणातून वाकडा पान्हा काढला. घरघरोबाच्या पोटाखाली एक भोक होतं. त्यात पान्हा बसवला. थोडा इकडे. थोडा तिकडे. कर्र. कुर्र. थोडा इकडे. थोडा तिकडे. करकर, कुरकुर... सुट्ट.

पान्हा फिरला. घरघरोबा सुटला. "हुश्श," म्हणाला.

"आता हात घालू?" बाबांनी विचारलं.

"हात अजिबात नाही," आई म्हणाली. "बटण बंद असलं तरी नाही. चिमटा आण. लांबवाला."

आईनं चिमटा घातला काळ्या झालरीतून. एक चोथा आला. दोन चोथे आले. तीन, चार, पाच. बाबा हिरवी बादली घेऊन उभे. सहा, सात, आठ. लांब लांब दोऱ्या, आमटीच्या वासाच्या. शेवटी नववा आला. नवव्या चोथ्याला काहीतरी चिकटलं होतं. लाल लाल. रसरशीत.

"हे काय गं बाई?" आई म्हणाली.

"माझा दाणा," कणी म्हणाली.

ती आता बाबांच्या बोटाच्या टोकावर उभी होती. आईनं तिला बघितलं. मग दाण्याला बघितलं. दाणा किती मोठा आणि मुंगी किती छोटी. आईनं दाणा चिमट्यानं अलगद उचलला, पाण्यानं धुतला आणि ओट्यावर ठेवला. सिंकपासून लांब, कोरड्या जागी.

"घे बाई," आई म्हणाली. "तुझ्यामुळे आमच्या सुमेधला वाचा फुटली."

"आणि बोटही फुटलं," बाबा बोट चोळत म्हणाले.

"एवढ्याशानं काही फुटत नाही."

बाबा उठले,
पाळणा हलला,
बाळ झोपलं,
आईनं बोट लावलं,
बटण बंद झालं,
पान्हा फिरला,
घरघरोबा सुटला,
कणीला दाणा मिळाला.

तुरुतुरु, तुरुतुरु. दाणा निघाला खिडकीच्या फटीकडे. मागे वळून त्यानं विचारलं, म्हणजे दाण्याखालून कणीनं विचारलं, "आता घरघरोबाचं काय?"

"आता बघ गंमत," आई म्हणाली.

आईनं नळ सोडला. गार पाणी. मग बाबांनी लाल बोंडी दाबली. आता दाबायची होती. टक्. मग आईनं थोडा बर्फ टाकला. लिंबाची थोडीशी सालं टाकली, बारीक चिरून. आणि उंच बटणाला बोट लावलं.

गुं... घर्रर्र. कुडुम कुडुम. घर्रर्रर्र.

बर्फानं दात घासले. लिंबानं तोंड धुतलं. घरघरोबाच्या तोंडाला छान लिंबाचा वास आला.

बाळ उठलं का? नाही उठलं. किर्र झुं, किर्र झुं. बाबा धावत जाऊन दोरी ओढत होते.

नंतर बाबांनी भिंतीवरच्या कागदावर एक ओळ लिहिली. शेंगांचा चोथाही नाही. खाली सही केली. हिरवी बादली गॅलरीतून उचलून सिंकच्या शेजारी आणून ठेवली. एवढी जवळ, की परत कुणाला लांब होती म्हणता येऊ नये.

आणि खिडकीच्या फटीत काय झालं?

अकरा भावंडं अजून ओळीनं बसली होती. कणीनं दाणा मधोमध ठेवला. सगळ्यांनी मिळून तो फोडला. बारा तोंडं लाल झाली. सगळ्यात धाकट्यानं तोंड पुसत विचारलं, "ताई, एवढा उशीर का बरं झाला?"

कणी नीट मांडी घालून बसली. साही पायांची मांडी. आणि म्हणाली, "सांगते. बाबा उठेनात, पाळणा हलेना, बाळ झोपेना..."

चोथा गेला बादलीत,
दाणा गेला पोटात,
बाळ गेलं झोपेत,
आता तुमचे डोळे मिटा,
बटण बंद. खट्.